कलादालनात पोरांची खोली करायची तर आधी जिना बघा

मी धंद्याने सुतार. बेळगावच्या अनगोळात वर्कशॉप आहे. प्रदर्शनाची पार्टिशनं, मूर्तीखालचे चौथरे, शिवजयंतीच्या चित्ररथांचे सांगाडे असं करत पंचवीस वर्षं गेली. बेळगावातल्या एका सार्वजनिक कलादालनात ‘तरुणांसाठी खोली’ करायचं काम आलं तेव्हा वाटलं, आठ दिवसांत उरकू. पहिली खोली साफ फसली, दुसरी चालली. तुमच्याकडे, खानापूर-निपाणीकडे कुणी असं करायच्या बेतात असेल तर आमचा खर्च तरी वाचवा.

पहिल्या वेळी आम्ही भिंत पोपटी केली, सनमायका मारलेले बाक जाग्यावर ठोकून टाकले आणि एका भिंतीवर कार्टून काढलं. नारळ फुटला, फोटो झाले. पुढे महिनाभर त्या खोलीत फक्त पंखा फिरला. पोरं कलादालनात यायची, पण बाहेर जिन्यावर बसायची. तिसऱ्या पायरीवर. एका पोरीला विचारलं तर म्हणाली, “मामा, हितं बसलं की कोण काय विचारत नाही. आत गेलं की काय पायजे म्हणत्यात.”

म्हणून टेप काढायच्या आधी खडू काढा. संध्याकाळी साडेचार ते सहा, शाळा-कॉलेज सुटायच्या वेळेला, आठ दिवस नुसतं बघा. पोरं जिथं टेकतात तिथं ती गेल्यावर फरशीवर एक ठिपका द्या. आठवड्यात ठिपक्यांचे घोळके दिसतात. आमचा मोठा घोळका तिसऱ्या पायरीवर होता. तिथं पाठीला भिंत होती, दारातून येणारा माणूस आधी दिसायचा आणि वॉचमनच्या खुर्चीजवळ मोबाईल चार्ज करायला प्लग होता. नव्या खोलीत या तीनच गोष्टी आधी दिल्या. रंगाचं नंतर.

बसायला पेट्या करा. अठरा इंची चौकोनी पेटी, पाच बाजू बंद, एक उघडी, दोन बाजूंना हात घालायला भोकं. उपडी ठेवली की स्टूल, आडवी ठेवली की दप्तराचा कप्पा, दोन रचल्या की मूर्तीचा चौथरा. आठ बाय चारच्या प्लायच्या एका शीटमधून अठरा इंची दहा तुकडे निघतात, म्हणजे दोन पेट्या. वर बारा इंचांची आठ फुटी पट्टी उरते, ती भिंतीला शेल्फ म्हणून लावा. अठरा एमएमची पेटी अकरा-बारा किलोची होते. दोघींनी उचलायची तर ठीक आहे, एकटीने रोज हलवायची तर बारा एमएम घ्या आणि आतून कोपऱ्यांना रिपा, म्हणजे लाकडाच्या बारीक पट्ट्या, ठोका. चाकं लावू नका. आम्ही लावली होती, दुपारपर्यंत त्यांच्या गाड्या झाल्या.

चित्र टांगायची उंची बदला. कलादालनात चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर धरतात, उभ्या माणसाच्या नजरेला. या खोलीत पोरं बसलेली असणार. अठरा इंचांवर बसलेल्याचे डोळे चार फुटांच्या आसपास येतात, चाकाच्या खुर्चीतल्याचेही तिथंच. म्हणून मध्य चार फुटांवर घ्या. दारात पायरी असेल तर उतार करा, एक फूट चढाला बारा फूट लांबी. जागा नाही म्हणून आठ फुटांत बसवाल तर तो घसरगुंडी होईल.

उजेडाबाबत मात्र क्युरेटरशी, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्याशी, भांडू नका. कागदावरचं काम आणि कापड यांना पन्नास लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर नको, तैलचित्राला दोनशेपर्यंत चालतं. पोरांना वाचायला-काढायला त्यापेक्षा खूप जास्त लागतो. यावर आम्ही केलं ते असं: संग्रहातली जुनी चित्रं या खोलीत आणलीच नाहीत. खोलीत फक्त पोरांचं काम आणि हात लावायच्या वस्तू. त्या शेल्फवर गोकाकची लाकडी फळं, खानापूरच्या लाल मातीचं एक कच्चं आणि एक भाजलेलं मडकं, शहापूरच्या मागावरचा साडीचा तुकडा. कच्च्या मडक्याला ओला हात लावून बोट पांढरटलाल करून घ्यायचा खेळ पोरांनीच काढला. मडकं दर दोन महिन्यांनी बदलतो.

आता मुख्य भिंत. पोरांना एक भिंत पूर्ण द्यायची आणि तिथं काय लागेल ते कमिटीने ठरवायचं नाही, हे पदाधिकाऱ्यांच्या गळी उतरवायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. एकजण म्हणाले, पोरं काहीही लावतील. मी त्यांना दिवाळीतले किल्ले आठवायला लावले. आपल्या गल्लीत दगड, माती, गोणपाट कोण गोळा करतं? रायगड करायचा की प्रतापगड, यावर भांडण कोण मिटवतं? हिरवळीला मोहरी कधी टाकायची, रात्री राखण कुणाची, हे सगळं पंधरा वर्षांची पोरं ठरवतात आणि आपण वर्गणी देऊन बाजूला होतो. इथंही तेच करा. आम्ही नऊ जणांची टोळी केली, त्यात पाच मुली, आणि किल्लीची वही त्यांच्याकडे दिली. लंडनच्या टेट कलादालनातही सोळा ते पंचवीस वयाच्यांसाठी टेट कलेक्टिव्ह नावाचा उपक्रम आहे, म्हणजे हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नव्हे. पण कमिटीला टेट पटलं नाही, किल्ला पटला.

भिंतीवर बारा एमएम प्लाय मारा, म्हणजे खिळा कुठंही ठोकता येतो. प्लाय थेट भिंतीला चिकटवू नका. एक इंची रिपांवर ठोका, मागून हवा खेळू द्या. आपल्याकडचा जुलै कसा असतो ते सांगायला नको. पश्चिमेच्या भिंतीला ओल येणारच, आणि चिकटलेल्या प्लायच्या पाठीला बुरशी धरली तर ऑगस्टमध्ये वासानेच कळेल. दारातच छत्र्यांसाठी खाली पत्र्याचा ट्रे असलेला स्टँड हवा. तो विसरलो तेव्हा गळत्या छत्र्या त्या साडीच्या शेल्फखाली आल्या.

चित्रांखालच्या पाट्या कन्नड, मराठी, इंग्लिश, तिन्ही एकाच आकाराच्या अक्षरांत. आपल्याकडे पाटी हा विषय नाजूक, त्यामुळे सुरुवातीलाच ठरवून टाका, नंतर चर्चा वाढते. मजकूर पोरांना लिहू द्या, चाळीस शब्दांच्या आत. एकाने लिहिलं होतं, “हे चित्र मला आवडत नाही, पण हातांसाठी परत बघतो.” चित्रकार के. बी. कुलकर्णी सरांनी ज्या गावात पोरांना चित्रं काढायला शिकवलं, तिथं एवढी दाद पुरे.

वेळेचं सर्वांत आधी लिहायला हवं होतं. पाचला बंद होणारी खोली शाळकरी पोरांच्या काय कामाची? आठवड्यातून दोन दिवस सातपर्यंत उघडी ठेवा, पण त्याआधी फाटकापासून दारापर्यंत दिवा लावा आणि मुलींच्या संडासाची कडी तपासा. आमची महिनाभर तुटकी होती आणि मुली का येत नाहीत म्हणून आम्ही मीटिंगा घेत होतो. खानापूरकडच्या पोरांना बसची वेळ दारावर लिहून ठेवा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये एसएसएलसीमुळे, म्हणजे दहावीच्या परीक्षेमुळे, खोली ओस पडेल, घाबरू नका. त्याच वेळी प्लाय काढून पाठ बघा, खिळ्यांची भोकं लांबीने (पुट्टीने) भरा, भिंतीला एक हात मारा. रंग कोणता ते टोळीला विचारा. आमच्या टोळीने पांढरा सांगितला.