गाडीचे कडक शॉक आणि रोजचा रस्ता: माझा अनुभव

मिशिगनमध्ये रोज ऑफिसला नेतो तीच जुनी मिआटा (माझदाची छोटी दोन सीटांची स्पोर्ट्स कार) मी सुट्टीच्या दिवशी ऑटोक्रॉसला, म्हणजे शंकू मांडून आखलेल्या वाटेवरच्या वेळेच्या शर्यतीला, पळवतो. कडक स्प्रिंगांना साजेसं व्हॉल्व्हिंग (आतल्या तेलाच्या झडपांची जुळणी) करून घेतलेले शॉक (स्प्रिंगची उसळी आवरणारी नळकांडी) शंकूंमधून वळताना झकास वागतात. हायवेवरच्या काँक्रीटच्या सांध्यांवर मात्र कंबर मोडायची. जो तो म्हणे, स्प्रिंग मऊ टाक. मला ते पटेना, कारण पहिला सांधा सुसह्य असायचा, पुढचे हाडापर्यंत जायचे.

शॉक किती दाबला जातो ते कळावं म्हणून त्याच्या दांड्याला झिप टाय (प्लॅस्टिकची सरकणारी पट्टी) बांधून नेहमीच्या रस्त्याने फिरून आलो. टाय थेट बम्प स्टॉपला, म्हणजे शॉकची हालचाल संपते तिथल्या रबरी ठोकळ्याला, टेकलेला! रिबाउंड (शॉक परत उघडतानाचा अडथळा) इतका घट्ट, की दाबलेला शॉक पुढच्या सांध्यापर्यंत पुरता उघडतच नव्हता. गाडी खाली बसत जाऊन रबरावर आपटत होती.

माथ्यावरची खुंटी डावीकडे फिरवून चारही शॉकचा रिबाउंड सैल केला. टाय खाली राहिला, कंबरही वाचली. डावं-उजवं मात्र सारखंच फिरवायचं. स्पर्धेच्या सकाळी पुन्हा घट्ट करतो. मागच्यांसाठी डिकीतलं अस्तर उचकटावं लागतं, तेवढी कटकट आहे. माझ्या शॉकचं कम्प्रेशन (दाबलं जातानाचा अडथळा) या खुंटीने बदलत नाही, त्यासाठी शॉक उघडावाच लागतो.