जुन्या पीसीत नवीन ग्राफिक्स कार्ड टाकताय? आधी एसएमपीएस बघा

माझ्याकडे सहाव्या जनरेशनचा आय५ प्रोसेसर आणि १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड होतं, त्या कार्डाच्या जागी आरएक्स ६६०० टाकलं. कार्ड घ्यायच्या आधी कॅबिनेटची साईड उघडा आणि एसएमपीएसवरचं, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचं, स्टिकर वाचा. १०५० टीआय ७५ वॅटचं, म्हणजे मदरबोर्डवरच्या ज्या स्लॉटमध्ये कार्ड बसतं तिथूनच भागायचं, ६६०० ला १३२ वॅट आणि वेगळी ८ पिनची केबल लागते, ती जुन्या लोकल एसएमपीएसला बहुतेक नसतेच. मग दुकानदार मोलेक्सचं (जुन्या ४ पिनच्या केबलवरून वीज घेणारं) कन्व्हर्टर पुढे करतो, ते घेऊ नका राव, वायर वितळू शकतात. सरळ ब्रँडेड ४५० किंवा ५५० वॅटचा घ्या.

मग टेप घेऊन स्लॉटपासून पुढच्या फॅनपर्यंत अंतर मोजा, कार्ड लांबीला मावायला हवं, हार्डडिस्कचा पिंजरा मध्ये येतो कधीकधी.

जुने ड्रायव्हर डीडीयूने (ड्रायव्हर पूर्ण काढून टाकणारं सॉफ्टवेअर) विंडोजच्या सेफ मोडमध्ये उडवा, पीसी बंद करून प्लग काढा, पॉवर बटण एकदा दाबून धरा. स्क्रू काढले तरी कार्ड हलत नाही कारण स्लॉटच्या टोकाला छोटी क्लिप असते, ती आधी दाबायची, ओढाताण केली तर स्लॉटच जाईल. नवीन कार्ड टक् आवाज येईपर्यंत बसवा, केबल लावा, स्क्रू आवळा.

आणि एचडीएमआय कार्डलाच लावा हां, मी मदरबोर्डला लावून अर्धा तास गेम का अडकतोय म्हणून डोकं खाजवत बसलो होतो.

प्रोसेसर जुना असल्याने काही गेममध्ये तोच १०० टक्क्यांवर जातो, तिथे एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) फार वाढणार नाही.