हौशी फोटोग्राफर फोटो दाखवतो तेव्हा: व्यावसायिकांनी मत कसं द्यावं

शिकत होतो तेव्हा चोवीस प्रिंट्स घेऊन मी एका नावाजलेल्या फोटोग्राफरकडे गेलो होतो. पत्ते पिसावेत तसे त्यांनी ते भराभर पाहिले, गठ्ठा परत माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "लेन्स बदला." सगळं मिनिटभरात आटोपलं. मी उसने पैसे घेऊन लेन्स बदलली. फोटो तसेच. सहा महिन्यांनी कळलं, की माझा शटर स्पीड (शटर उघडून मिटण्याचा वेग) कमी पडत होता आणि हात हलत होता. जुनी लेन्स बिचारी निर्दोष होती.

आता टेबलाच्या त्या बाजूला मी बसतो. लोक फोन पुढे करतात, "जरा बघता का, कसा आलाय?" म्हणतात. या प्रश्नाला उत्तर देणं हे फोटो काढण्यापेक्षा निराळं काम आहे आणि ते आपल्यापैकी बहुतेकांना कुणी शिकवलेलं नसतं. माझ्यापुरती मी एक कसोटी ठरवली आहे. समोरचा उठून जाताना त्याला पुढच्या वेळी काय वेगळं करायचं ते कळलेलं हवं. ते कळलं नसेल, तर आपण मत दिलेलं नाही, नुसता शेरा मारला आहे.

१. मत मागितलंय का, ते पाहा

फोटो दाखवणं आणि फोटो तपासायला देणं या दोन गोष्टी आहेत. सहलीहून आलेला मित्र समुद्राचा फोटो दाखवतो तेव्हा तो समुद्र दाखवत असतो. तिथे "क्षितिज डावीकडे कललंय" म्हणणारा फोटोग्राफर खरा असला तरी नकोसा होतो. शंका असेल तर सरळ विचारा: "नुसता बघू, की काही सांगू?" बरेच जण "नुसता बघा" म्हणतात. मग बघावा आणि सोडून द्यावा.

२. अर्धा मिनिट तोंड बंद ठेवा

मला स्वतःला ही पायरी सर्वांत जड जाते. आपली नजर तयार झालेली असते, चूक पहिल्या क्षणी दिसते आणि जीभ शिवशिवते. पण त्या पहिल्या क्षणाचा उपयोग दुसऱ्याच गोष्टीसाठी करायचा असतो. नजर आधी कुठे गेली, तिथून कुठे सरकली, कुठे अडली, हे मनात टिपून ठेवा. फोटो काढणाऱ्याला हे स्वतःला कधीच कळू शकत नाही, कारण त्याने तो आधीच शंभरदा पाहिलेला असतो. नव्या डोळ्यांनी पाहणारा म्हणून तुमच्याकडे हीच तर देण्यासारखी वस्तू आहे.

आणखी एक खबरदारी. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून आलेल्या फाइलच्या शार्पनेसबद्दल बोलू नका. पाठवतानाच ती दाबून लहान केली जाते. रंग मरगळलेले दिसले तरी लगेच एडिटिंगला दोष देऊ नका. ॲडोबी आरजीबी या रंगांच्या विस्तृत संचात सेव्ह केलेली फाइल त्या संचाची खूण, म्हणजे कलर प्रोफाइल, न वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तर ती फिकी दिसतेच. मूळ फाइल मागवा, मग बोला.

३. "तुला काय दाखवायचं होतं?" हे विचारा

मध्यंतरी कॉलेजात शिकणारी एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली. फोटोत खिडकीपाशी बसलेली तिची आजी सुईत दोरा ओवत होती. मागे टीव्ही, कपाट, अर्धा कापलेला पंखा. खिडकी पांढरीफटक. माझी नजर आधी त्या पांढऱ्या चौकोनावर गेली, तिथून टीव्हीवर, आणि शेवटी आजीवर.

"यात तुला काय दाखवायचं होतं?"

ती जरा घुटमळली. "आजीचे हात, सर. हल्ली तिला दोरा ओवायला चार-पाच वेळा लागतात. पण दुसऱ्या कुणाला ओवू देत नाही ती."

आता सगळं बदललं. तिने "घरातली दुपार" असं म्हटलं असतं, तर टीव्ही आणि कपाट कामाचे ठरले असते. हात दाखवायचे होते म्हणून ते अडचण ठरले. हा प्रश्न न विचारता जे काही सांगाल, ते तुमच्या मनातल्या फोटोबद्दलचं असेल. तिच्या फोटोला त्याचा काय उपयोग?

४. दोष एकच सांगा, पण कारणासकट आणि आकड्यासकट

त्या फोटोत मला सहज सात-आठ गोष्टी दिसत होत्या. मी दोन सांगितल्या, आणि त्याही एकाच हेतूला धरून: हात दिसत नाहीत.

पहिली, फ्रेम. मी टेबलावरचे पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे उचलले आणि स्क्रीनवर समोरासमोर धरून चौकट केली. प्रत्येक फोटोग्राफरने ड्रॉवरमध्ये असे दोन तुकडे ठेवावेत. चौकट लहान करत आणली तशी खिडकी गेली, टीव्ही गेला, उरले दोन हात आणि चष्म्याची एक कडा. मी काही बोललोच नाही. तीच म्हणाली, "मी लांब उभी होते."

दुसरी, दोरा. तो धूसर होता. "फोटो हललाय" एवढं म्हणून थांबलो असतो, तर माझ्या त्या जुन्या गुरूंपेक्षा मी वेगळा नव्हतो. फाइलची माहिती उघडली: ५० मिलिमीटरची लेन्स (हीच तिची फोकल लेंग्थ), एपीएस-सी सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान), शटर १/३० सेकंद, ॲपर्चर (लेन्सचं उघडं भोक) एफ १.८, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ४००. हातात कॅमेरा धरताना शटरचा खालचा आकडा निदान लेन्सच्या फोकल लेंग्थइतका ठेवावा असा जुना ठोकताळा आहे. सेन्सर लहान असल्यामुळे दीडपट धरली तर ७५, म्हणजे १/८०. पण हा ठोकताळा आपला हात हलण्यापुरता आहे. इथे आजीचा हातही थरथरतो. म्हणून १/१२५ तरी हवा. १/३० पासून ती दोन स्टॉपची झेप झाली, म्हणजे उजेड चौथाई. तेवढाच उजेड परत मिळवायला आयएसओ ४०० वरून १६०० करायचा. थोडा नॉइज, म्हणजे रवाळपणा, येईल, येऊ दे.

मग आणखी एक मुद्दा निघाला, तो तिनेच काढला: "जवळ गेले की डोळे आणि दोरा दोन्ही फोकसमध्ये येतील ना?" नाही येणार. त्या लेन्सने एफ १.८ वर मीटरभर अंतरावरून साधारण तीन सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. डोळे किंवा दोरा. निवड तिची. मी फक्त पट्टा किती रुंद आहे ते सांगितलं.

बाकीच्या पाच-सहा चुका? त्या पुढच्या वेळी. एका बैठकीत आठ दोष ऐकलेला माणूस घरी जाताना एकच गोष्ट लक्षात ठेवतो: आपल्याला जमत नाही.

दोष कोणत्या टप्प्यावरचा आहे, तेही सांगावं. एक्स्पोजर थोडं कमी पडलं असेल तर रॉ फाइलमध्ये (सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल) सावरता येतं. जेपेगमध्ये पूर्ण पांढरे पडलेले ढग मात्र परत आणता येत नाहीत. ते काढतानाच हिस्टोग्रामच्या, म्हणजे उजेडाच्या आलेखाच्या, उजव्या टोकाकडे पाहून सांभाळावे लागतात. "फ्लॅट वाटतोय" हे आपलं आवडतं वाक्य तर कुणाच्याच कामाचं नाही. उजेड तुझ्या पाठीमागून सरळ पडत होता, म्हणून चेहऱ्यावर सावलीच नाही, पुढच्या वेळी तिला खिडकीला काटकोनात बसव, असं सांगा. लांबलं तरी चालेल.

५. कौतुकसुद्धा तितकंच नेमकं हवं

"छान!" म्हणजे काहीच नाही. आजी कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, तू थांबलीस, तिला तुझा विसर पडू दिलास, हे खरं कौतुक. कारण ते पुन्हा करता येतं. अनेकांना माहीतही नसतं की आपण काय बरोबर केलं, मग ते पुढच्या खेपेला सोडून देतात.

आधी गोड, मग कडू, शेवटी पुन्हा गोड, ही पद्धत काही ठिकाणी मुद्दाम शिकवली जाते. मला ती पटत नाही. दोन-तीनदा तसं झालं की समोरचा पहिल्या गोड वाक्याला कानच देत नाही, "पण" कधी येतो त्याची वाट बघत बसतो. जे चांगलं आहे ते चांगलं आहे म्हणून सांगा, गोळीवरची साखर म्हणून नको.

६. नियम आणि आवड यांची गल्लत करू नका

एक तृतीयांशाचा नियम (चौकटीचे उभे-आडवे तीन भाग पाडून विषय त्या रेषांवर ठेवायचा) आपण असा सांगतो, जणू तो कॅमेऱ्यासोबत डब्यातून आला. खरं तर तो या नावाने १७९७ मध्ये एका इंग्रज चित्रकाराने निसर्गचित्रांविषयी लिहिताना मांडला. फोटोग्राफी जगापुढे जाहीर झाली ती १८३९ मध्ये, ४२ वर्षांनी. सोयीचा सल्ला आहे, वापरावा. पण विषय मधोमध ठेवला म्हणून फोटो चुकला, असं म्हणू नये. मधोमध ठेवल्यामुळे इथे काय बिघडलं ते दाखवता येत असेल तर दाखवावं, नसेल तर ती तुमची आवड आहे. "मी असतो तर असं काढलं असतं" हे वाक्य चालतं, फक्त ते मत म्हणून सांगा, निकाल म्हणून नको.

निकाल द्यायची घाई किती महागात पडते, याचं उदाहरण जुनं आहे. कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना १८६३ च्या डिसेंबरात मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला. वय ४८. त्यांच्या फोटोंतले चेहरे धूसर, निगेटिव्हच्या काचेवर डाग आणि बोटांचे ठसे. तेव्हाच्या फोटोग्राफीच्या नियतकालिकांनी त्यांचं तंत्र कच्चं ठरवलं. आणि १८६५ मध्येच लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमने, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने, त्यांचे फोटो विकत घेतले. प्रत्येक धूसर फोटोमागे कॅमेरॉन दडलेली नसते, हे मान्य. पण धूसरपणा चुकून आला की मुद्दाम आणला, हे विचारायला काय जातं?

७. कॅमेऱ्याची चर्चा लांबणीवर टाका

"कोणता कॅमेरा आहे?" हा पहिला प्रश्न विचारलात, की संपलं, पुढचा अर्धा तास यंत्रावरच जातो. आणि फोटो चांगला असताना "कॅमेरा भारी असणार" म्हणणं हा तर अपमानच आहे, आपल्याला कुणी म्हटलं तर किती झोंबतं ते आठवा.

"सर, कोणती लेन्स घेऊ?" हा प्रश्न मात्र येणारच. त्यावर माझं ठरलेलं उत्तर: स्वतःच्या फोटोंपैकी आवडलेले शेवटचे पन्नास शोधून काढ आणि प्रत्येकाची फोकल लेंग्थ बघ. किट लेन्सवरचे (कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५) बहुतेक १८ मिलिमीटरवर असतील तर गरज रुंद लेन्सची आहे, ५५ वर अडकले असतील तर लांबच्या. दोन्ही नसेल तर पैसे खिशात राहू दे.

८. कामाच्या ठिकाणी

समारंभात हौशी पाहुणा कॅमेरा घेऊन तुमच्या फ्रेममध्ये येणार, हे गृहीत धरा. खेकसू नका. सुरुवातीलाच जाऊन सांगा: "मुख्य क्षणाला मी इथे असेन, तुम्ही त्या बाजूला उभे राहा, तिकडूनही छान मिळेल. त्यानंतर दोन मिनिटं तुमची." दहापैकी नऊ जण आनंदाने ऐकतात. दहाव्यासाठी यजमानांना सांगावं.

सेटिंग लपवू नका. तुमचे आकडे घेऊन कुणी तुमचा फोटो काढू शकत असेल, तर तुमच्या फोटोत आकड्यांपलीकडे काही नव्हतं. "शिकायला मिळेल" म्हणून एखाद्याकडून दिवसभर ट्रायपॉड आणि बॅगा वाहून घेणार असाल, तर त्याला पैसे द्या. किंवा खरंच शिकवा, निदान काम संपल्यावर बसून पाच फोटो उघडून दाखवा.

हौशी मंडळी फुकटात काम करतात आणि आपला धंदा बुडवतात, ही तक्रार मीही केली आहे. पण तो राग फोटोच्या परीक्षणात मिसळला की मत नासतं. मनात ती अढी असेल तर त्या दिवशी फोटो बघूच नका. पैशांबद्दल बोलायचं तर वेगळं बोला: फक्त नाव छापून मिळणं हा मोबदला नसतो, कोणते फोटो किती आणि कुठे वापरणार ते लिहून घ्यावं, वगैरे. बऱ्याच जणांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि न विचारता कुणाचा फोटो दुरुस्त करून परत पाठवू नका, वर्गात चुकीचा नमुना म्हणून तर मुळीच दाखवू नका. फोटो त्याचा आहे. चारचौघांत विचारलं असेल तर दोष सौम्य सांगा, बाकीचं एकटं गाठून.

९. पुढचं काम द्या आणि ते बघा

शेवटी एक छोटं काम द्यावं, मोजता येईल असं. "सराव कर" नव्हे. एक लेन्स, एक खिडकी, आठवडाभर, शटर १/१२५ च्या खाली नाही, आणि शंभरांतून स्वतः निवडलेले पाचच फोटो. निवड करणं हाही सराव आहे, किंबहुना तोच कठीण. आणि काम दिलंत तर परत आल्यावर बघायला वेळ काढा. जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी ठेवून.

ती मुलगी तीन आठवड्यांनी आली. पाचच फोटो आणले होते. चौथ्यात आजीचे हात पूर्ण फ्रेमभर, सुईचं नेढं लख्ख, दोऱ्याचं टोक त्याच्या केसभर अलीकडे. मी बराच वेळ बघत राहिलो. मग विचारलं, "आजीला दाखवलास?"

"दाखवला ना. ती म्हणाली, हात कुणाचेही असतात गं, माझं तोंड कुठाय?"

यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. पुढच्या आठवड्याचं काम आजीनेच देऊन ठेवलं होतं.