पाण्याऐवजी सॉल्व्हंटमध्ये पॉलिस्टर रंगवताय? या चुका टाळा

धुळ्यातल्या पॉवरलूमवाल्याला विचारा, तुझं ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेलं कोरं कापड इथंच का रंगवत नाहीस? उत्तर ठरलेलं: "पानीच नही शे भाऊ." नळाला पाणी कधी आठवड्याने येतं आणि पांझरेचं पात्र उन्हाळ्यात कोरडं पडतं. म्हणून ट्रक भरतो, कोंडाईबारी घाट उतरतो आणि सुरतेच्या वाटेला लागतो. अशा मुलखात 'पाण्याशिवाय रंगाई', म्हणजे पाण्याऐवजी सॉल्व्हंट (रंग विरघळवणारा दुसरा द्रव) वापरून रंगवणं, हे शब्द कानावर पडले की कोणाचेही डोळे चमकतात. माझेही चमकले होते. पुढच्या चुकांपैकी निम्म्या मी लॅबमध्ये स्वतः केल्या आहेत.

सर्वांत मोठी चूक म्हणजे रंग चांगला विरघळला, आता तो चांगला चढणार, असं धरून चालणं. पॉलिस्टरसाठी आपण डिस्पर्स रंग वापरतो. हा रंग पाण्यात जेमतेम विरघळतो आणि त्याचं सगळं काम त्यावरच चालतं. पाण्यात त्याला करमत नाही, म्हणून १३० अंशाला तंतू सैल झाला की तो आत शिरतो आणि तिथंच राहतो. पर्क्लोरोइथिलीनमध्ये, म्हणजे ड्रायक्लीनिंगवाल्यांच्या 'पर्क'मध्ये, हाच रंग मजेत विरघळतो. बाथ, म्हणजे कापड बुडवायचं रंगाचं द्रावण, सुंदर लाल दिसतो, कापड मात्र गुलाबीच निघतं. मग माणूस रंग वाढवतो, वेळ वाढवतो, आणि बाथच आणखी लाल होत जातो.

थोडं गणित करू. तंतूतला रंग आणि बाथमधला रंग यांचं प्रमाण १० धरा, म्हणजे एक किलो कापडात एक लिटर बाथच्या दहा पट रंग. लिकर रेशो (किलोभर कापडाला किती लिटर बाथ) १:१० ठेवला तर निम्माच रंग कापडावर जाईल. १:२० केला तर तेहतीस टक्के. १:३ वर आणला तर सत्त्याहत्तर टक्के. पाण्याच्या बाथमध्ये हे प्रमाण शेकड्यांत असतं, म्हणून तिथं लिकर थोडं कमीजास्त झालं तरी शेड सांभाळता येते. सॉल्व्हंटमध्ये तसं नाही. शेड फिकी आली तर रंगाच्या डब्याकडे हात नेण्याआधी सॉल्व्हंट कमी करून पाहा. कापड नीट बुडावं म्हणून दोन लिटर जास्त ओतायची पाण्यातली सवय इथं थेट रंग खाते.

यावरचा दुसरा मार्ग म्हणजे बाथच टाळायचा. कापड रंगाच्या द्रावणातून पॅड करायचं (बुडवून रोलरमध्ये पिळायचं), सॉल्व्हंट उडवायचं आणि मग २०० अंशांच्या आसपास रंग बसवायचा. सगळा रंग कापडावरच असल्याने बाथ आणि तंतू यांच्यातल्या वाटणीचा प्रश्नच उरत नाही. पण घाईने सुकवू नका. पर्क उडवायला पाण्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकीच उष्णता लागते, म्हणून ते झटकन उडतं, आणि जिथून आधी उडतं तिकडे रंग ओढून नेतं. काठ गडद आणि मध्य फिका आला की समजावं, सुकवताना गरम हवा सगळीकडे सारखी लागलेली नाही.

बाजारातला डिस्पर्स रंग तसाच पर्कमध्ये टाकणं, ही तर नेहमीची चूक. त्या पुडीत शुद्ध रंगाइतकाच, कधी त्याहून जास्त, डिस्पर्सिंग एजंट असतो. पाण्यात तो रंगाचे कण वेगळे ठेवतो. पर्कमध्ये तो विरघळत नाही, चिकट होऊन भांड्याच्या कडेला आणि कापडावर बसतो. कापडावर ठिपके दिसले तर आधी हेच तपासा. सप्लायरकडून एजंट न मिसळलेला शुद्ध रंग मागा, आणि त्याची ताकद जास्त असल्याने वजन नव्याने ठरवा. जुन्या रेसिपीचे ग्रॅम जसेच्या तसे उचलले की शेड काळवंडते.

नावानेही फसवणूक होते. 'सॉल्व्हंट डाय' म्हणून मिळणारे रंग मेण, प्लास्टिक, बॉलपेनची शाई आणि इंधन रंगवायला असतात. नाव जुळलं म्हणून ते कापडाला लावायचे नसतात.

कापड कशाचं आहे हे नीट न बघता बाथमध्ये टाकणारेही भेटतात. अस्तराचं अ‍ॅसिटेट कापड अ‍ॅसिटोनमध्ये विरघळून जातं, डोळ्यांदेखत. 'आर्ट सिल्क' म्हणून विकली जाणारी साडी कधीकधी व्हिस्कोसची असते, तिला डिस्पर्स रंग लागतच नाही. पॉलिस्टर-सुती मिश्रणात आपला खान्देशी कापूस पांढराच राहतो आणि कापड फिकं, मिश्र रंगाचं दिसतं. नायलॉनचे अ‍ॅसिड रंग आणि अ‍ॅक्रिलिकचे कॅटायनिक रंग मिठासारखे, म्हणजे आयनांचे बनलेले असतात, त्यामुळे ते पर्कमध्ये विरघळत नाहीत. दोन धागे काढून एक जाळून बघायचा, दुसऱ्यावर अ‍ॅसिटोनचा थेंब टाकायचा. पाच मिनिटांचं काम आहे. जाळायचा धागा मात्र अ‍ॅसिटोनची बाटली बंद करून, लांब नेऊनच जाळा.

उन्हाळ्याबद्दल वेगळं सांगायलाच हवं, कारण परदेशी पुस्तकांत जळगावचा मे महिना नसतो. डायक्लोरोमिथेन हे दुसरं सॉल्व्हंट ४० अंशांना उकळतं. सावलीतच ४४-४५ अंश असताना पत्र्याच्या शेडमधला त्याचा ड्रम कसा फुगेल याचा अंदाज करा. शिवाय ते पॉलिस्टर आक्रसवतं. अ‍ॅसिटोन ५६ अंशांना उकळतं, पण त्याच्या वाफा त्याच्या कितीतरी आधी पेट घेऊ शकतात. पर्क १२१ अंशांना उकळतं आणि पेटत नाही, म्हणून त्याला सुरक्षित म्हणण्याची प्रथा पडली. पर्कची वाफ हवेपेक्षा साधारण पावणेसहा पट जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत साचते. छताचा पंखा लावून समाधान मानू नका, शोषणारा पंखा खाली, पायाशी हवा. बिडी, वेल्डिंग किंवा तापलेल्या पत्र्याशी ही वाफ आली तर फॉस्जीन तयार होतो, पहिल्या महायुद्धात वापरला गेलेला विषारी वायू. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था ट्रायक्लोरोइथिलीनला (पर्कच्याच जातीचं सॉल्व्हंट) कर्करोगकारक आणि पर्कला बहुधा कर्करोगकारक मानते. अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये पहिल्यावर बंदीचा आणि दुसऱ्यावर कडक निर्बंधांचा नियम काढला. उघड्या घमेल्यातला पर्क-प्रयोग मी कोणालाही करू देणार नाही.

कापड हाताला कोरडं लागलं म्हणजे सॉल्व्हंट गेलं, असंही नाही. गरम पर्क तंतू फुगवून आत बसतं आणि इस्त्री फिरवली की वास येतो. नमुना वजन करा, एक्झॉस्ट असलेल्या ओव्हनमध्ये १४० अंशांना अर्धा तास ठेवा, पुन्हा वजन करा. पॉलिस्टरमध्ये पाणी असतं ०.४ टक्क्यांच्या आसपास. घट त्याहून बरीच जास्त आली तर ती जास्तीची घट सॉल्व्हंटची. वाफ द्या, मग गरम हवा. कापड आक्रसत असेल तर रंगाईआधी हीट-सेटिंग (कापड ताणून, तापवून माप पक्कं करणं) राहिलंय.

आज पाण्याशिवाय रंगाई म्हटलं की कार्बन डायऑक्साइडचं नाव निघतं, आणि ते रास्त आहे. ३१ अंश आणि ७४ बार दाबाच्या वर तो वायूसारखा पसरतो आणि द्रवासारखा रंग विरघळवतो. रंगाई चालते सुमारे १२० अंश आणि २५० बारला. नेदरलँड्सच्या डायकू कंपनीची यंत्रं यावरच चालतात. आपल्या कुकरची शिट्टी वाजते बाहेरच्या हवेहून साधारण एक बार जास्त दाबाला, त्यामुळे गावातल्या फॅब्रिकेटरकडून असं भांडं बनवून घेण्याचा विचारसुद्धा नको. शेड कमी आली म्हणून नुसतं तापमान वाढवणं ही इथली नेहमीची चूक. दाब तोच ठेवला तर वायू विरळ होतो आणि रंग कमी विरघळू शकतो, मग दाबही वाढवावा लागतो. कापड घासल्यावर रंग हाताला लागत असेल, तर ताज्या वायूने धुण्याआधीच दाब सोडला गेलाय, उरलेला रंग भुकटी होऊन वर बसलाय. सूतकताईचं तेल आधी काढलं नाही तर तेही असंच सुटून डाग पाडतं.

पर्क गाळून परत वापरणाऱ्यांनी तळाच्या काळ्या गाळाकडे लक्ष द्यावं. तो मागच्या नाल्यात जाता कामा नये. पर्क पाण्याच्या साधारण १.६ पट जड असतं, बेसाल्टच्या भेगांतून खाली उतरतं आणि विहिरीच्या तळाशी बसतं, तिथून ते काढणं जवळपास अशक्य. गाळाचा ड्रम झाकण आणि लेबल लावून धोकादायक कचरा घेणाऱ्या परवानाधारकाकडेच द्यायचा, आणि पावती फाईलला लावायची.