कुतच्या शरणागतीत सापडलेल्या पूर्वजाचा शोध कसा घ्यावा

पणजोबा पहिल्या महायुद्धात 'बसऱ्याकडे' लढायला गेले होते, एवढीच आठवण घरात उरली असेल, तर ते आजच्या इराकमधील कुत-अल-अमारा येथे तुर्कांच्या कैदेत सापडले होते का, हे तपासून पाहावे. ब्रिटिश हिंदी फौजेची मेजर जनरल टाउनशेंड यांची सहावी (पुणे) डिव्हिजन नोव्हेंबर १९१५मध्ये बगदादजवळच्या टेसिफोनच्या लढाईनंतर मागे हटून तैग्रिस नदीच्या वळणावरील या गावात आली, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिला वेढा पडला आणि सुटकेचे सारे प्रयत्न फसून धान्य संपल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसे तुर्की सेनापती खलील पाशाला शरण गेली.

शोध आडनावापासून सुरू करू नये. आधी पलटणीचा क्रमांक मिळवावा. मराठा पलटणींपैकी १०३, ११० आणि ११७ या तीनच वेढ्यात होत्या. १९२२च्या फेररचनेत त्या ५व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या अनुक्रमे पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या बटालियन झाल्या, त्यामुळे पुढेही नोकरीत राहिलेल्या माणसाच्या कागदांवर नवाच क्रमांक असू शकतो. घरात पदक असेल तर भिंग घेऊन चांदीच्या गोल पदकाची कडा आणि १९१४-१५च्या ताऱ्याची पाठ वाचावी. तेथे शिपाई क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असते. पदक चिंचेने किंवा राखेने घासू नये, कारण आधीच झिजलेली अक्षरे त्याने कायमची जातात.

माणूस परत आला नसेल, तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधावे. तेथे पुष्कळ नोंदींत वडिलांचे नाव, गाव, तालुका व जिल्हाही असतो. मात्र सावंत, मोरे, कदम यांची रोमन स्पेलिंगे कारकुनाच्या कानावर अवलंबून असल्यामुळे दोन-चार प्रकारे लिहून पाहावी लागतात. जिल्हाही त्या काळचा धरावा : आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भाग तेव्हा रत्नागिरीत होता, सांगलीचा बराच भाग साताऱ्यात आणि रायगडाचे नाव कुलाबा होते. केवळ मृत्यूच्या तारखेवरून निष्कर्ष काढू नये, कारण जखमी होऊन आधीच बाहेर पडलेले आणि मागाहून भरती झालेले याच पलटणींचे शिपाई वेढ्याबाहेरही होते.

कैदेतून जिवंत परतलेल्यांचा माग काढणे अधिक कठीण, कारण मृतांच्या यादीत त्यांचे नाव नसते. कैद्यांना बगदाद, समारा, मोसुलमार्गे आजच्या सीरियातील रास-अल-ऐनकडे वाळवंटातून पायी नेले गेले आणि अनेकांना रेल्वेमार्गाच्या बांधकामावर जुंपण्यात आले. म्हणून घरातल्या वृद्धांना 'कुत' हे नाव विचारण्यापेक्षा रेल्वेचे काम, वाळवंटातली चाल किंवा घोड्याचे मांस यांविषयी विचारावे. वेढ्यात ते मांस खाण्यास बहुतेक हिंदी शिपाई बरेच दिवस तयार नव्हते. हिंदुस्थानातील धर्मगुरूंची अनुमती मागवावी लागली होती. अशी आठवण घरात टिकून असेल, तर माझ्या मते तो आडनावाच्या जुळणीपेक्षा भक्कम धागा आहे. जिनिव्हाच्या रेडक्रॉसचे युद्धकैद्यांचे दप्तरही ऑनलाइन पाहता येते, पण ते चिकाटीचे काम आहे.

बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहायचे झाल्यास ते अगदी शेवटी लिहावे आणि त्यात शिपाई क्रमांक, जुनी पलटण, वडिलांचे नाव, गाव व पदकाच्या कडेचे स्वच्छ छायाचित्र द्यावे; 'पणजोबांची माहिती मिळावी' एवढ्याच मजकुराच्या अर्जावर कोणालाही काही शोधता येत नाही.