लॅपटॉपमध्ये कुणी शिरलंय असं वाटलं तर

एका रात्री माझ्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्याचा दिवा आपोआप लागला आणि पोटात गोळाच आला. तेव्हा जे केलं, तेच सांगते.

आधी वायफाय बंद. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, खात्रीच्या उपकरणावरून. त्याच लॅपटॉपवर टाइप केलात तर कीलॉगर (टाइप केलेलं सगळं चोरून नोंदवणारा प्रोग्राम) नवा पासवर्डही टिपून घेईल. सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकी खात्यांचे पासवर्ड तिथूनच रीसेट होतात. सगळीकडून लॉग आउट व्हा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री, जसं की फोनवरचा कोड) लावा. आणि कृपा करून ईमेलच्या सेटिंगमधलं फॉरवर्डिंग तपासाच! माझी प्रत्येक मेल एका अनोळखी पत्त्यावर जात होती. नुसता पासवर्ड बदलून ती थांबली नसती.

मग विंडोज सिक्युरिटीतला ‘डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’. लॅपटॉप रीस्टार्ट होतो, साधारण १५ मिनिटं लागतात. विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, म्हणून एरवी दडून बसणारा मालवेअरही (घातक प्रोग्राम) सापडू शकतो. ब्राउझरची एक्स्टेन्शन्सही (त्याला जोडलेले छोटे प्रोग्राम) एकेक करून बघा, अनोळखी दिसलं की काढा.

तरी शंका उरलीच, तर फक्त फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढून विंडोज नव्याने टाका. जुन्या इन्स्टॉलर फाइल्स मात्र परत आणू नका.