जुन्या दुनळीत काडतूस घालण्याआधी चेंबर मोजा

जुन्या इंग्लिश 12 बोर (नळीच्या आतल्या रुंदीचं माप) दुनळीचं, म्हणजे दोन नळ्यांच्या छर्ऱ्यांच्या बंदुकीचं, चेंबर (नळीतला काडतूस बसण्याचा भाग) बहुतेक वेळा अडीच इंचाचं, म्हणजे साधारण 65 मिमीचं असतं. आजची काडतुसं सर्रास 70 मिमीची. घोळ असा की काडतुसाचं हे माप उडाल्यानंतरच्या, तोंड उलगडलेल्या लांबीचं. भरलेलं, तोंड दुमडलेलं काडतूस त्याहून आखूड, त्यामुळे ते आत बिनबोभाट बसतं. बार उडताना मात्र दुमड चेंबरपुढच्या निमुळत्या भागात उलगडते, छर्ऱ्यांची वाट आवळते आणि दाब वाढतो. ‘बसलं म्हणजे चालेल’ हे इथे अजिबात खरं नाही! गनस्मिथकडून (बंदुकांच्या कारागिराकडून) दोन्ही चेंबर गेजने, म्हणजे मोजपट्टीसारख्या खास साधनाने, मोजून घ्या, प्रूफचे ठसेही (नळ्यांची दाब-चाचणी झाल्याच्या खुणा) वाचून घ्या. नळ्या बंदुकीच्या मागच्या भागाला जोडणारा सांधा ढिला आहे का, हे रिकाम्या बंदुकीची पुढची लाकडी मूठ काढून तपासा. मूठ लावलेली असली की तिची स्प्रिंग नळ्यांचं हलणं लपवते.